मिठाच्या गोण्या कुणी पाहिल्या? मध्ययुगीन तवारिखा वाचायला शिकताना

दौलताबादच्या किल्ल्यावर गेलेल्या बहुतेकांनी मिठाची गोष्ट ऐकलेली असते. अलाउद्दीन खिलजी अचानक चालून आला, रामदेवराव यादव गडावर चढला, घाईघाईत धान्य म्हणून गोण्या वर नेल्या आणि उघडून पाहतात तर आत मीठ. शाळेच्या सहलीत मीही ती ऐकली आणि खरी मानली. पुढे कित्येक वर्षांनी साधा प्रश्न पडला: हे पाहिलं कुणी? लिहिलं कुणी आणि कधी? त्या प्रश्नाच्या मागे लागलो आणि तवारिखा वाचायची सवय जडली. आपल्याकडे इतिहासाची आवड असलेली माणसं खूप आहेत, पण या ग्रंथांजवळ जायला बिचकतात. त्यांच्यासाठी ही वाट मांडतो आहे. फारसी येत नसलं तरी सुरुवात करता येते.

तवारीख म्हणजे काय, हे आधी पाहू. ‘तारीख’ म्हणजे अरबी-फारसीत दिनांकही आणि इतिहासही. तवारीख हे त्याचं अनेकवचन. मराठीत आपण ते एकवचनासारखं वापरतो आणि ‘तवारिखा’ म्हणतो, तसंच इथंही करतो. या ग्रंथांची नावं बघितली तरी आत काय असेल याचा अंदाज येतो. ‘फुतूह’ असेल तर विजयांचं वर्णन, ‘तबकात’ असेल तर पिढ्या किंवा घराण्यांनुसार मांडणी, ‘नामा’ असेल तर एका राजाभोवती गुंफलेली कथा. सूफी संतांची बैठकीतली बोलणी शिष्यांनी टिपून ठेवली, ती ‘मलफूजात’. ती तवारीख नव्हे, पण शेजारी ठेवून वाचायची गोष्ट आहे.

या लेखनाचं मूळ अरबीत आहे. इ.स. ९२३ मध्ये बगदादला वारलेला इतिहासकार तबरी प्रत्येक हकिकतीआधी सांगणाऱ्यांची साखळी देतो: मला अमक्याने सांगितलं, त्याला तमक्याने सांगितलं, तो म्हणाला की मी तिथं होतो. एकाच घटनेच्या दोन-तीन परस्परविरोधी हकिकती तो शेजारी शेजारी ठेवतो आणि प्रस्तावनेत स्पष्ट म्हणतो की वाचकाला काही खटकलं तर ते माझ्याकडून आलेलं नाही, ज्यांनी मला सांगितलं त्यांच्याकडून आलेलं आहे. तबरीच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी बलअमी या वजिराने त्याच्या ग्रंथाचा फारसी अवतार केला तेव्हा या साखळ्या गाळून सलग गोष्ट केली. वाचायला ती सोपी झाली. दिल्ली आणि दख्खनच्या फारसी तवारिखा या दुसऱ्या वळणाच्या आहेत. गोष्ट सलग आहे, साखळी नाही. ती साखळी आता वाचणाऱ्याने जोडायची. खाली सांगितलेल्या सगळ्या पायऱ्या या एका कामाच्या आहेत.

सुरुवातीला हातात काय घ्यायचं

मराठी वाचकाला एक मोठी सोय आहे, ती म्हणजे हिंदी येतं. सैयद अतहर अब्बास रिजवी यांनी १९५० च्या दशकात अलीगढहून खिलजी आणि तुघलक काळाची फारसी साधनं हिंदीत आणली. एका काळाचे सगळे लेखक एकाच खंडात सापडतात, त्यामुळे तुलना करणं सोपं जातं. मराठीत भ. ग. कुंटे यांनी फिरिश्ताचं भाषांतर केलं. मोगल काळाकडे जायचं असेल तर सेतुमाधवराव पगडी यांची भाषांतरं आहेत. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने ग. ह. खरे यांचे ‘ऐतिहासिक फारसी साहित्य’चे खंड काढले, त्यात मूळ फारसी कागद आणि त्यांचा मराठी अर्थ दोन्ही मिळतात.

इंग्रजीत सगळ्यात सहज सापडतात ते इलियट आणि डाउसनचे आठ खंड, १८६७ ते १८७७ या काळात छापलेले. ते वापरा, पण सांभाळून. इलियटने आपला हेतू स्वतःच लिहून ठेवला आहे: जुन्या राजवटी किती वाईट होत्या हे कळलं म्हणजे इथल्या प्रजेला इंग्रजी राज्याचे फायदे उमगतील. त्या हेतूने वेचे निवडले गेले. लढाया, कत्तली आणि जुलूम राहिले. कालवे, बाजारभाव, कवी आणि विद्वान यांच्याबद्दलचं बरंच गळलं. शाहपूरशाह होडीवाला यांनी १९३९ साली या खंडांतल्या चुकांवर अख्खा ग्रंथ लिहिला. म्हणून इलियटमध्ये एखादं वाक्य सापडलं तर ते तिथंच उचलू नका. रिजवींत किंवा पूर्ण भाषांतरात तेच ठिकाण काढा आणि आधीची व नंतरची पानं वाचा. कितीदा तरी अर्थ तिथं बदलतो.

लिहिणारा माणूस ओळखा

ग्रंथ उघडण्याआधी लेखकाबद्दल एक पान लिहून काढा. कुठला, कोणाच्या पदरी, लिहिताना वय किती, कोणाला खूश करायचं होतं, कोणावर राग होता. मी वहीत हे पान नेहमी डाव्या बाजूला ठेवतो आणि उजव्या बाजूला ग्रंथातल्या नोंदी करतो, म्हणजे नजर सारखी पलीकडे जात राहते.

जियाउद्दीन बरनीचं पान भरायला घेतलं की थांबवत नाही. बरन म्हणजे आजचं बुलंदशहर, म्हणून बरनी. घराणं सरदारांचं. महंमद बिन तुघलकाच्या दरबारात सतरा वर्षांहून जास्त काळ तो नदीम होता, म्हणजे सुलतानाच्या बैठकीतला, बोलण्यातला माणूस. १३५१ मध्ये सुलतान गेला आणि बरनीचं नशीब फिरलं. दरबारातून बाहेर, काही महिने भटनेरच्या किल्ल्यात, हातात पैसा नाही. सत्तरी ओलांडल्यावर, १३५७ साली, त्याने ‘तारीख-ए-फिरोजशाही’ पूर्ण केली ती नव्या सुलतानाची, फिरोजशाहाची मर्जी मिळावी या आशेने. मर्जी मिळाली नाही. तो गरिबीतच गेला.

हे माहीत असलं की त्याचं लेखन वेगळं दिसू लागतं. खानदानी माणसंच वर यावीत, हलक्या कुळातल्यांना पदं देऊ नयेत, हे तो पुन्हा पुन्हा सांगतो. पदावरून उतरलेल्या खानदानी म्हाताऱ्याचं ते दुःख आहे. अलाउद्दीन आणि काजी मुगीस यांच्यातला लांबलचक संवाद तो शब्दशः दिल्यासारखा देतो. तो शब्दशः असू शकत नाही. राजा कसा असावा याबद्दल बरनीचं जे मत, ते त्याने त्या दोघांच्या तोंडी घातलं आहे. आणि मग एके ठिकाणी तो अचानक कबूल करतो, की सुलतानासमोर आम्ही गप्प बसलो, जिवाच्या भीतीने आणि पैशाच्या लोभाने खरं बोललो नाही, त्याची फळं आता भोगतो आहोत. दरबारात बसणाऱ्याने असं लिहून ठेवावं, यासाठी मला हा माणूस जवळचा वाटतो. त्याच्या तारखा कमी आहेत, कधी चुकतात, क्रम उलटसुलट होतो. पण दरबारातली हवा त्याच्याइतकी कुणी टिपली नाही.

घटना आणि लेखणी यांत किती वर्षं गेली?

आता मिठाकडे येऊ. देवगिरीवरची ती स्वारी १२९६ सालची. तिच्याबद्दल लिहिणारे चार जण एका कागदावर मांडा.

पहिला अमीर खुसरो. ‘खजाइनुल फुतूह’ १३११ च्या सुमाराचा, म्हणजे पंधरा वर्षांत लिहिलेला. खुसरो दिवस देतो: अलाउद्दीन कड्याहून, म्हणजे गंगेकाठच्या कडा या आपल्या ठाण्याहून, निघाला हिजरी १९ रबीउल आखिर ६९५ ला, परत आला २८ रजबला. हत्ती आणि खजिना घेऊन आला. बस्स, मीठ नाही.

दुसरा इसामी. त्याने ‘फुतूहुस्सलातीन’ हे हजारो बैतांचं, म्हणजे द्विपदींचं, काव्य १३५० मध्ये दौलताबादलाच पुरं केलं. म्हणजे देवगिरीच्या पायथ्याशी बसून, चौपन्न वर्षांनी. तो सांगतो की वाटेवरच्या घाटात कान्हा नावाच्या अधिकाऱ्याने खिलजीला अडवलं आणि त्याच्या बाजूने दोन स्त्रिया वाघिणीसारख्या लढल्या. ही गोष्ट स्थानिक आठवणीतून त्याच्या कानावर आली असणार. मीठ मात्र इसामीतही नाही.

तिसरा बरनी, १३५७. तो त्या वेळी दहा-अकरा वर्षांचा असेल, पण त्याची साखळी घरातली आहे: स्वारीवर जाताना अलाउद्दीनने कड्याचा कारभार ज्याच्यावर सोपवला तो अलाउल्मुल्क बरनीचा सख्खा चुलता. बरनी फौज सांगतो तीन-चार हजार घोडेस्वार आणि दोन हजार पायदळ. लुटीबद्दल एवढंच म्हणतो की नंतरच्या सुलतानांनी उधळूनही फिरोजशाहाच्या काळापर्यंत ती पुरली. यातही मीठ नाही.

चौथा फिरिश्ता. महंमद कासिम हिंदूशाह. कास्पियन समुद्राकाठच्या अस्तराबादचा जन्म, लहानपणी वडिलांबरोबर अहमदनगरला आला, १५८९ मध्ये विजापूरला गेला आणि दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या आश्रयाला ‘गुलशन-ए-इब्राहिमी’ लिहिला, १६०६-०७ च्या सुमारास. म्हणजे स्वारीनंतर तीनशे दहा वर्षांनी. त्याच्याकडे आठ हजार निवडक घोडेस्वार आहेत. खंडणीची यादी आहे: सहाशे मण सोनं, सात मण मोती, दोन मण रत्नं, हजार मण चांदी, चार हजार रेशमी वस्त्रं. आणि त्याच्याकडे मिठाच्या गोण्या आहेत.

हा कागद पहिल्यांदा पुरा झाला त्या रात्री मला वाईट वाटलं होतं, लहानपणची गोष्ट हातातून निसटल्यासारखं. पण इथं घाई करू नका. ‘उशिरा लिहिलं म्हणजे खोटं’ हा निष्कर्ष काढणं चूक आहे. फिरिश्ता प्रामाणिकपणे सांगतो की आपण तीसहून अधिक ग्रंथ वापरले, आणि त्यांत दौलताबादला राहिलेल्या चौदाव्या शतकातल्या शेख ऐनुद्दीन विजापुरीचं लेखन आहे. ते लेखन आज हरवलेलं आहे. मीठ तिथून आलं असेल, किंवा तीन शतकं गडाखाली सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीतून आलं असेल. म्हणून वहीत मी लिहितो: ‘मिठाच्या गोण्या: सर्वांत जुना उपलब्ध उल्लेख फिरिश्ता, १६०६-०७. आधीच्या तिघांत नाही.’ इतकंच म्हणता येतं आणि इतकं म्हणणंसुद्धा मोठं काम आहे.

हीच तपासणी बहमनी राज्याच्या संस्थापकाला लावून बघा. हसन हा गंगू नावाच्या ब्राह्मण ज्योतिष्याचा नोकर होता, शेत नांगरताना त्याला सोन्याच्या नाण्यांनी भरलेलं भांडं सापडलं, ही कथा फिरिश्ताची. ज्या हसनला इसामीने आपला ग्रंथ अर्पण केला, त्याच्याबद्दल इसामी स्वतः असं काही सांगत नाही. तो त्याचं नातं इराणच्या पुराणकथेतल्या बहमनशी जोडतो. एक कथा उशिराची, दुसरी राजाला खूश करणारी. दोन्हींवर खूण करून पुढे जा.

तारखा जुळवणं

हिजरी वर्ष चांद्र आहे, ३५४ किंवा ३५५ दिवसांचं. आपल्या पंचांगात अधिक महिना असतो तसा त्यात नाही, त्यामुळे दरवर्षी ते सुमारे अकरा दिवस मागे सरकतं. ढोबळ हिशेब असा: हिजरी साल गुणिले ०.९७, त्यात ६२२ मिळवा. खुसरोचं ६९५ घ्या. ६७४ आणि थोडं वर, अधिक ६२२, म्हणजे १२९६ च्या सुरुवातीचे महिने. कोष्टकात पाहिलं तर १९ रबीउल आखिर फेब्रुवारीच्या अखेरीस येतो आणि २८ रजब जूनच्या सुरुवातीला. म्हणजे सारी स्वारी तीन महिने आणि आठवडाभरात आटोपली, आणि तीही पाऊस सुरू व्हायच्या आत. तारखा जुळवल्या की अशी गोष्ट आपोआप समोर येते. एक-दोन दिवसांचा फरक धरूनच चाला, कारण महिना चंद्र दिसण्यावर आणि दिवस सूर्यास्तापासून सुरू होतो.

मराठी कागद वाचलेल्यांना सुहूर सन ओळखीचा असेल. तो हिजरीच्या कुळातला, पण दख्खनमध्ये सौर झालेला, मृगापासून सुरू होणारा. ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार, ११७१. त्यात ५९९ मिळवले की १७७० चा मृग. हा फरक कायम राहतो. हिजरीचा राहत नाही. दोन्हींची गल्लत केली तर लढाई भलत्याच वर्षात जाऊन पडते.

कधी साल आकड्यात नसतं, वाक्यात लपवलेलं असतं. प्रत्येक अक्षराला किंमत असते, ती अबजद पद्धत. हुमायूनच्या मृत्यूवर ‘कासिम काही’ नावाच्या कवीने केलेली ओळ प्रसिद्ध आहे: ‘हुमायूं पादशाह अज बाम उफ्ताद’, बादशहा हुमायून गच्चीवरून पडला. फारसी अक्षरं मांडून स्वतः बेरीज करून बघा. हुमायूं ११२, पादशाह ३१३, अज ८, बाम ४३, उफ्ताद ४८६. एकूण ९६२. पण हुमायून वारला जानेवारी १५५६ मध्ये, आणि तेव्हा हिजरी ९६३ चालू होतं. ओळ इतकी चपखल जमली की कवीने एक वर्ष सोडून दिलं. असं साल दिसलं की ते दुसऱ्या नोंदीशी ताडून पाहायचं.

शब्द आणि आकडे

इथं नवशिक्यांची सगळ्यात जास्त फसगत होते, माझीही झाली.

‘मण’ वाचला की आपल्या डोळ्यांपुढे चाळीस शेरांचा मण येतो. अलाउद्दीनच्या काळचा दिल्लीचा मण त्याच्या निम्म्याहूनही लहान होता. फिरिश्ताचा मण त्याच्या काळचा की त्याने वापरलेल्या जुन्या ग्रंथातला, हे ठरवल्याशिवाय सहाशे मणांचे किलो करत बसू नका.

‘हिंदू’ हा शब्द बरनीत आला की थांबा. अलाउद्दीनने हिंदूंच्या घरात सोनंचांदी राहू दिली नाही, या आशयाचा त्याचा मजकूर आज फार फिरतो. ते प्रकरण पूर्ण वाचलं तर दिसतं की तिथं बोलणं चाललं आहे खूत, मुकद्दम आणि चौधरी यांच्याबद्दल, म्हणजे गावोगावच्या वतनदारांबद्दल, जे घोड्यावर बसत, चांगले कपडे घालत आणि स्वतःच्या जमिनीचा सारा टाळत. जुलमाची वसुली झाली यात शंका नाही. पण कोणाकडून झाली हे शब्दाच्या अर्थावर ठरतं. एक ओळ कापून कुणाला दोषी ठरवणं आणि तशीच दुसरी ओळ कापून कुणाला धुऊन काढणं, या दोन्ही गोष्टी रोज पाहायला मिळतात आणि मनापासून वाईट वाटतं, कारण दोन्हींत तो म्हातारा बरनी आणि ज्यांच्यावर बेतली ती माणसं, दोघांवरही अन्याय होतो.

विजयाची वर्णनं साच्यातली असतात. शत्रू ‘नरकात पाठवले’, रक्ताच्या नद्या वाहिल्या, तीस हजार मेले, लाख पळाले. हे पोवाड्यातल्या वर्णनासारखं वाचायचं. याउलट बेताचे, ओबडधोबड आकडे, म्हणजे बरनीचे ‘तीन-चार हजार’ किंवा बाजारातले जितल या नाण्यातले भाव, जास्त भरवशाचे असतात, कारण ते रचून सांगण्यात कुणाचा फायदा नाही.

गावांची नावं वाचताना लिपीचा विचार करा. फारसीत ब, प, त, न, य ही अक्षरं शब्दाच्या सुरुवातीला एकाच दातासारखी दिसतात. फरक फक्त नुक्त्यांचा, म्हणजे ठिपक्यांचा. नकलनविसाने नुक्ते गाळले की ‘पुणे’ काहीही वाचता येतं. दिल्लीत बसून नक्कल करणाऱ्याला दख्खनची गावं ठाऊक नसत. म्हणून भाषांतरातलं विचित्र गावाचं नाव दिसलं तर नकाशा घ्या, सैन्याची वाट धरा आणि त्या वाटेवरची खरी गावं उच्चारून बघा. हे काम आपल्याला दिल्लीकरांपेक्षा चांगलं जमतं, कारण ही गावं आपली आहेत.

साक्षीदार समोरासमोर

आता तोच किल्ला, एकतीस वर्षांनंतर. १३२७ मध्ये महंमद बिन तुघलकाने देवगिरीला दौलताबाद करून राजधानी केली. ‘सगळी दिल्ली रिकामी केली’ हे वाक्य आपण पाठ केलेलं आहे. साक्षी बघू.

इसामी सोळा वर्षांचा होता. नव्वदीचे आजोबा घराबाहेर काढले गेले आणि पहिल्याच मुक्कामी, तिलपतला, वारले. हे दुःख त्याच्या प्रत्येक ओळीत आहे. शिवाय तो लिहितो त्या सुलतानाविरुद्ध बंड करून उभ्या राहिलेल्या बहमनी राजासाठी. त्याच्या मते सुलतानाला दिल्लीच्या लोकांचा संशय होता, त्यांना उद्ध्वस्त करायचं होतं.

बरनी कारण वेगळं सांगतो: गुजरात, बंगाल, तेलंगण, माबर (तमिळ किनारा), सगळ्यांना मध्यवर्ती जागा. पण परिणाम सांगताना तोही म्हणतो की शहरात कुत्रं-मांजर उरलं नाही.

मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दिल्लीत पोचला १३३४ मध्ये, सात वर्षांनी. आंधळ्याला फरफटत नेलं आणि दौलताबादला त्याचा फक्त पाय पोचला, ही गोष्ट त्याची. सुलतान रात्री गच्चीवर गेला आणि शहरात ना दिवा ना धूर पाहून समाधान पावला, हेही त्याचंच. पण तिथं तो सांगतो की ‘माझ्या विश्वासातल्या माणसाने मला सांगितलं’. म्हणजे ऐकीव. आणि हे सगळं मोरोक्कोला परतल्यावर आठवणीतून सांगितलेलं, इब्न जुजय्य याने १३५५ मध्ये शब्दबद्ध केलेलं. त्याच ग्रंथात तो म्हणतो की आम्ही आलो तेव्हा दिल्ली ओस होती, आणि दुसरीकडे म्हणतो की पूर्वेकडच्या इस्लामी जगातलं हे सर्वांत मोठं शहर. दोन्ही वाक्यं उतरवून घ्या, एक खोडू नका.

आता ग्रंथाबाहेर पडा. दिल्लीजवळ सरबनला संस्कृत शिलालेख सापडला, विक्रम संवत १३८४ चा, म्हणजे इ.स. १३२८. व्यापाऱ्यांनी विहीर बांधल्याचा. त्यात ओळ आहे: ‘देशोऽस्ति हरियाणाख्यः पृथिव्यां स्वर्गसन्निभः’, आणि त्या स्वर्गासारख्या देशात ढिल्लिका नावाची नगरी आहे. राजधानी हलवली त्याच्या पुढच्याच वर्षी कुणीतरी तिथं विहीर खणत होतं आणि नगरीची स्तुती कोरत होतं. नाणी पाहा: दिल्ली आणि दौलताबाद दोन्हीकडे टाकसाळी चालू दिसतात.

आणि खुलताबादला जा. बुरहानुद्दीन गरीब, दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य, १३३७ मध्ये इथंच वारले. कवी अमीर हसन सिजजी, तेही इथंच. दर्ग्याच्या आवारात उभं राहिलं की कळतं, दिल्लीहून नेमकं कोण आलं: उलेमा, सूफी, अमीर, दरबारी घराणी. इसामीचे आजोबा याच थरातले. बरनीचं ‘शहर’ म्हणजे हीच माणसं. ती गेली आणि त्याच्यासाठी दिल्ली ओस पडली. विहीर बांधणारा व्यापारी त्याच्या हिशेबात नव्हता. तिघांपैकी एकालाही खोटं पाडायची गरज राहत नाही. प्रत्येकाची दिल्ली किती मोठी होती, एवढं मोजावं लागतं. आजोबांचा मृत्यू त्यामुळे लहान होत नाही.

जे लिहिलं नाही ते

ही पायरी मी शेवटी ठेवतो, कारण आधीच्या सगळ्या पार केल्याशिवाय ती दिसत नाही. खुसरोचा १३११ चा ग्रंथ पुन्हा काढा. २८ रजबला अलाउद्दीन कड्याला परतला. मग रमजानमध्ये तो गादीवर आला. या दोन नोंदींच्या मध्ये काय झालं? त्याने आपला चुलता आणि सासरा, सुलतान जलालुद्दीन, याला भेटीला बोलावून मारलं. बरनी ते सगळं सांगतो, भाल्यावर फिरवलेल्या मस्तकासकट. खुसरो जलालुद्दीनच्याच पदरी राहिलेला कवी. त्याच्या ग्रंथात त्या खुनाचा शब्द नाही.

आणि आता दुसरी बाजू. यादवांच्या दरबाराने अशी तवारीख लिहिली नाही, पण ताम्रपट आहेत. बीड जिल्ह्यातल्या पुरुषोत्तमपुरीचा रामचंद्रदेवाचा, म्हणजे आपल्या रामदेवरावाचा, ताम्रपट शके १२३२ चा, म्हणजे १३१० चा. त्यात राजाचे विजय आहेत, वाराणसी म्लेच्छांकडून सोडवल्याचाही दावा आहे. १२९६ च्या त्या तीन महिन्यांबद्दल त्यात काही नाही. दिल्लीचा कवी आणि देवगिरीचा प्रशस्तिकार, एक वर्षाच्या अंतराने, आपापल्या राजाची अडचणीची तेवढी एक गोष्ट गाळून लिहीत होते. वहीच्या एका पानावर या दोन नोंदी शेजारी शेजारी लिहा, खाली तारखा टाका, आणि मग पुढची तवारीख उघडा.